बोलकी त्या दुपारी ओरडली नाही

बाळांनो, तुम्ही डिसेंबरात येताय आणि आल्या आल्या शेळ्यांकडे धावणार, हे मला माहीत आहे. तिथे तुम्हांला हिरव्या लुगड्यातली एक बाई भेटेल. धाकटीने मागच्या वर्षी एक चित्र पाठवलं होतं. दोन्ही काखांत एकेक शेळी धरून पळणारी बाई, हिरवं लुगडं, मोठे दात. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, ‘आजीच्या शेळ्या चोरणारी’. लुगड्याचा रंग बरोबर होता, कारण व्हिडिओवर तुम्ही तिला अनेकदा पाहिलं आहे. बाकीचं मी तुम्हांला सांगितलेलं होतं, आणि ते मी पुराव्याशिवाय सांगितलं होतं. तुम्ही विमानात बसण्याआधी ते दुरुस्त करायला हवं, म्हणून हे लिहिते आहे. फोनवर सांगायला गेले तर ऐन वेळी कुणीतरी “आजी, आवाज तुटतोय” म्हणेल आणि नेमकं तेवढंच राहून जाईल.

नोकऱ्या संपल्यावर तुमचे आजोबा आणि मी लातूर सोडून रेणापूरजवळच्या या शेतात राहायला आलो. शेळ्या पाळायची हौस त्यांची. माझं माहेर उमरीचं, वडील शिक्षक. आमच्या दारात म्हैस होती, शेळी कधी नव्हती. शेळीवर भरवसा ठेवू नये, असं माझी आई म्हणायची. का, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

शेळ्या सांभाळायला गावातली एक बाई येऊ लागली. तिचं नाव लिहीत नाही. तुम्ही तिला मावशी म्हणा. मीही तेच म्हणते, जरी ती माझ्याहून बरीच लहान आहे. ती मला बाई म्हणते, शिकवणाऱ्या सगळ्याच बायकांना म्हणतात तसं. आमच्या शेळ्यांखेरीज गावातल्या तीन घरांच्या शेळ्या तिच्याकडे अर्धलीने होत्या. अर्धल म्हणजे शेळी एकाची, चारणं-राखणं दुसऱ्याचं, आणि होतील ती करडं दोघांत निम्मी. यात कागद नसतो. करडू मेलं की जन्मलंच नाही, हे राखणाऱ्याच्या शब्दावर मानायचं असतं. असं काम कुणालाही मिळत नाही. तिला मिळत होतं.

मी प्रत्येक शेळीसाठी वहीत एक पान ठेवलं होतं. ठेंगणीच्या पानावर लिहिलं होतं की दुसरीने तोंड घातलेलं पाणी ती पीत नाही. ती आधी बादलीचा वास घेते, मग माझ्याकडे बघते, मग पुन्हा वास घेते. आजोबा म्हणत, “ही तुझ्या हाताखाली शिकलेली दिसते.” कपाळावर पांढरा ठिपका असलेली चांदी ही सगळ्यांची पुढारी. ती हातातली भाकरी घेत नसे. भाकरी खाली टाकायची, आपण दुसरीकडे बघायचं, मग ती खायची. तिला बांधलं तर ती दिवसभर काही खात नसे, म्हणून ती अंगणात मोकळी असे.

आणि बोलकी. अंगभर काळी, कान लोंबते. तिला फाटकाजवळच्या खुंट्याला बांधत असू, कारण गॅसवाला, मीटर बघणारा, निवडणुकीत हात जोडत येणारे, कुणीही अनोळखी माणूस फाटकात आलं की ती अशी ओरडायची की रस्त्यावरची माणसं थांबून बघत. आजोबांनी दाराला घंटी बसवण्याचा बेत रद्द केला. मी वहीत लिहिलं, ‘अनोळखी माणूस दिसताच ओरडते. राखणीला उत्तम.’

मी ते मावशीला वाचून दाखवलं तेव्हा ती हसली. “तिला कुनाचं काय पडलंय, बाई. तिची ती बोंबलती.”

मी वहीत काही बदललं नाही.

मागच्या वर्षीच्या एप्रिलमधली दुपार. आजोबा दाताच्या डॉक्टरकडे लातूरला गेले होते. मी पुढच्या खोलीत खिडक्या उघड्या ठेवून वाचत होते. बाराच्या सुमारास मावशीने शेळ्या चारून आणल्या, पत्र्याच्या शेडमध्ये घातल्या आणि ती जेवायला घरी गेली. चार वाजता तिचा आवाज आला.

“बाई, चांदी न् बोलकी तुमी कुठं बांधल्या?”

मी कुठेच बांधल्या नव्हत्या. शेडमध्ये ठेंगणी होती आणि बोलकीची वर्षाची पाट, म्हणजे अजून न व्यालेली लेक, होती. बोलकीचं दावं रिकामं होतं. कुलूप फोडलेलं नव्हतं.

“कडी घातली व्हती. कुलूप न्हाई लावलं,” मावशी म्हणाली. “पानी पाजायला लगेच यायचं व्हतं. मंग डोळा लागला.”

शेडची किल्ली एकच, ती अकरा वर्षं तिच्या कमरेच्या दोरीला होती. त्या दिवशीच कुलूप का लावलं नाही? आणि आल्या आल्या ‘तुम्ही कुठे बांधल्या’ असं कसं विचारलं? आधी शोधायला नको होतं? ती तांब्याभर पाणी प्याली, तेही मी लक्षात ठेवलं.

संध्याकाळपर्यंत माझी मांडणी तयार होती. मी घरातच होते. बोलकी अनोळखी माणसाला पाहून ओरडते. बोलकी ओरडली नाही. म्हणजे नेणारं माणूस ओळखीचं होतं. अशा मांडण्या मी आयुष्यभर फळ्यावर लिहिल्या आहेत आणि मुलांनी त्या उतरवून घेतल्या आहेत.

ठाण्यात तक्रार दिली, शेळ्या सापडल्या नाहीत. नंतरचे आठ दिवस मी नजर ठेवून काढले. मावशीचा जावई येऊन गेला, त्याच्या हातात नवा फोन होता. रविवारी तिच्या घराकडून मटणाच्या रश्श्याचा वास आला तेव्हा मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. लातूर जिल्ह्यात रविवारी कुणाच्या घरून तो वास येत नाही? तरी मी उभी राहिले. आजोबांना विचारलं, “त्या दिवशी जाताना फाटक नीट लावलं होतंत ना?”

“लावलं होतं,” ते म्हणाले. “माझ्याही जावयाच्या फोनची चौकशी करायची असेल तर कर. तो तुझाही जावई आहे.”

नवव्या दिवशी मी मावशीला म्हणाले, “किल्ली आता इथंच ठेवत जा.”

मी चोर हा शब्द उच्चारला नाही. तिने दोरीची गाठ सोडायला घेतली. गाठ जुनी होती, सुटेना. मी नखाने मदत करू शकले असते. मी बाहेर बघत राहिले.

“ठिवते की,” ती म्हणाली आणि किल्ली ओट्यावर ठेवली.

आठवडाभर ती आली. मग गुडघे दुखायलेत असा निरोप आला आणि ती यायची थांबली. बाईंनी किल्ली काढून घेतली, ही गोष्ट तोपर्यंत गावभर झाली होती. महिन्याभरात त्या तिन्ही घरांनी आपापल्या शेळ्या तिच्याकडून परत नेल्या. मला ते कळलं तेव्हा माझा संशय आणखी पक्का झाला. तिन्ही घरांना वाटतं म्हणजे काहीतरी असणारच, असं मला वाटलं. त्यांना ते माझ्यावरून वाटत होतं, हे ध्यानात आलं नाही. त्याच रविवारी मी तुम्हांला फोनवर सांगितलं, “आपल्या मावशीनेच नेल्या.”

ठेंगणी आणि ती पाट आता मी सांभाळू लागले. पाट आईसारखीच काळी आणि आईसारखीच आवाजाची. पोळ्याच्या सुमारास लस टोचायला एक नवा माणूस आला. शेड धुवायचं म्हणून मी दोघींना बाहेर एकाच खुंट्याला बांधलं होतं. त्याने पाटीचा कान धरला, सुई टोचली. ती गप्प. हा माणूस तिने जन्मात पाहिलेला नव्हता. तो गेल्यावर मी ठेंगणीला सोडून पाणी पाजायला घरामागच्या हौदावर नेलं. मी, रोज चारा घालणारी. पाटीने अशी किंकाळी फोडली की आजोबा चष्मा न लावता बाहेर आले.

मी ठेंगणीला परत आणलं. गप्प. पुन्हा मागे नेलं. किंकाळी. असं तीनदा केलं आणि मग हौदाच्या कठड्यावर बसले.

अनोळखी माणूस फाटकात आला की मोकळी असलेली चांदी कडब्याच्या गंजीमागे पळायची. बांधलेल्या बोलकीला ती दिसेनाशी व्हायची. बोलकी माणसाला बघून ओरडतच नव्हती. ती चांदीला हाका मारत होती. दोघींना जोडीने नेलं असतं तर ती कुणाबरोबरही मुकाट्याने गेली असती.

तरी खात्री हवी होती. दुसऱ्या दिवशी मेथी विकायला एक फिरता भाजीवाला आला. मी त्याला म्हणाले, “या दोन शेळ्या जरा रस्त्यापर्यंत नेऊन परत आणता का?”

“कामून? इकायच्या हायत का?”

“नाही. ओरडतात का ते बघायचंय.”

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, मग आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी मान हलवली. शेवरीचा डहाळा दाखवत त्याने दोघींना रस्त्यापर्यंत नेलं आणि आणलं. एक आवाज नाही.

“बगा, न्हाई वरडल्या,” तो म्हणाला. “आता मेथी घ्या.”

मी चार जुड्या घेतल्या.

“मग आता चोर कोण?” आजोबांनी विचारलं.

“माहीत नाही.”

“हे वाक्य एप्रिलमध्ये म्हणाली असतीस तर बरं झालं असतं.”

इथे नीट वाचा. मावशीने शेळ्या नेल्या नाहीत, हे यातून सिद्ध होत नाही. एवढंच होतं की तिनेच नेल्या असं म्हणायला माझ्याकडे काहीही उरलं नाही. पण ज्या गोष्टीला काही आधार नाही ती मी गावाला मानायला लावली होती, आणि सातासमुद्रापार तुम्हांलाही.

मी तिच्या घरी गेले. ती दारात मूग निवडत बसली होती. पोतं सरकवून म्हणाली, “बसा.”

“मावशी, माझं चुकलं.”

“कशात?”

“तुमच्यावर संशय घेतला.”

“ते तर सगळ्या गावाला ठावं हाय. मलाच तेवढं कुनी सांगितलं न्हवतं.”

मी तिला लस टोचणाऱ्याची, हौदाची, भाजीवाल्याची गोष्ट सांगितली. तिने मूग निवडायचं थांबवलं नाही. “मी तवाच म्हनलं व्हतं, तिची ती बोंबलती म्हून. तुमी वहीत लिव्हलेलं खरं धरलं.”

“ही पाट तुम्ही ठेवून घ्या. माझ्याकडून.”

“फुकट घेतली तर लोक म्हंतील, दोन चोरल्या आन् तिसरी मागून घेतली. अर्धलीनं द्या. करडं निम्मी निम्मी, सगळ्यांसारखी.”

मी किल्ली काढून तिच्यापुढे धरली. तिने किल्लीकडे बघितलं आणि मूग पाखडायला घेतले.

“किल्ली तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या, बाई. उद्या काई हारपलं तर ती कुनाकडं व्हती, ते तरी सगळ्यांला ठावं आसंल.”

त्या तिन्ही घरी मी स्वतः गेले आणि चूक माझी होती असं सांगितलं. एका घराने शेळी तिच्याकडे परत धाडली. दुसऱ्याने ती तोवर विकली होती. तिसऱ्या घरची म्हातारी म्हणाली, “आमी कुठं काय म्हनलं? किल्ली तर तुमीच घेतली ना.” आमची पाट मावशीकडे अर्धलीने गेली. राहते मात्र आमच्याच शेडमध्ये, कारण ठेंगणीशिवाय ती ओरडते. वहीतली जुनी ओळ मी खोडली नाही. तिच्याखाली लिहिलं, ‘एकटी पडली की ओरडते.’

मावशी सकाळी आठला येते, दारातून “बाई, किल्ली” म्हणते आणि संध्याकाळी ती माझ्या हातात देते. ओट्यावर ठेवत नाही. मी ती खिळ्याला अडकवेपर्यंत उभी राहते, मग जाते. माझी सवय पुरती गेलेली नाही. परवा तिने शेड लावायला उशीर केला तर मी दोनदा खिडकीत जाऊन आले. तिनेही मला पाहिलं. तुम्ही आलात की तिच्या पाया पडा आणि तिने हातावर काही ठेवलं तर खा. चित्राबद्दल बोलू नका. ते चित्र माझं होतं, धाकटीने फक्त रंगवलं.

चांदी आणि बोलकी सापडल्या नाहीत. ठेंगणी आहे, अजून बादलीचा वास घेते. बोलकीची लेक आहे, तिला या पावसाळ्यात दोन करडं झाली. त्यातलं एक मावशीचं आहे.