रंभाबाईंनी न केलेली सही

देवळीच्या बस स्टँडजवळ माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लोकांचे अर्ज टाइप करून करून 'नम्र विनंती' या शब्दांची मला चीड येते, पण पोटाचा प्रश्न आहे. रंभाबाई गोमासे पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा मी सवयीनं 'नम्र विनंती की' असं सुरू केलं. त्या म्हणाल्या, ते काढा आणि सरळ विचारा. तेव्हापासून या बाईचं आणि माझं जमलं.

रंभाबाई भाजीवाल्या. गावाला लागून थोडं ओलिताचं शेत, त्यात वांगी, पालक, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. आवाज असा, की त्या स्टँडवर बोलायला लागल्या की सुटलेली पुलगाव गाडी थांबावी. त्यांचे यजमान आनंदराव 'पाहा बापा' एवढंच बोलतात, बाकीचं घर रंभाबाई बोलतात.

त्यांच्यासारख्याच भाजी पिकवणाऱ्या बायांचा एक बचत गट आहे आणि रंभाबाई त्याच्या अध्यक्ष. या गटानं सरकारी वसतिगृहांना भाजी पुरवायचं टेंडर भरलं. त्यांचा दर सगळ्यांत कमी निघाला, तरी कंत्राट गेलं एका व्यापाऱ्याला. कारण काय, तर गटाकडे शीतगृह नाही. आता टेंडरच्या कागदात शीतगृहाचं नावही नव्हतं. दर उघडल्यावर ही अट पावसाळ्यातल्या कुत्र्याच्या छत्रीसारखी उगवली. सकाळी तोडलेली भाजी जेवणाआधी पोचते, तिला शीतगृह कशाला, असं रंभाबाई वर्ध्याला वसतिगृहांच्या कार्यालयात जाऊन विचारून आल्या. व्यापाऱ्याकडे शीतगृह होतं, शेत मात्र नव्हतं.

मग त्या नागपूरला हायकोर्टात गेल्या. वकील समीक्षाताई, मूळच्या आष्टीच्या. त्यांनी फी सांगितली आणि रंभाबाईंनी ती कमी करायला सांगितलं नाही, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. बाजारात आपण दर पाडून देत नाही, तर दुसऱ्याचा कशाला पाडायचा, असा त्यांचा हिशेब. पैसा गटातल्या बायांनी काढला. कोणी वांग्याचा हंगाम दिला, कोणी बकरी विकली. सगळ्यांत आधी मंदाबाईंनी दिला, ज्यांना देणं सगळ्यांत जड होतं. रंभाबाईंनी सगळ्यांसमोर शब्द दिला, की कोर्टात लावलेला पैसा परत येईल आणि मानानं येईल. मला वाटलं, पहिलं एक वेळ होईल, दुसरं कठीण आहे.

निकाल लागला. कोर्टानं म्हटलं, मागाहून घातलेली अट चालणार नाही, कंत्राट रद्द, आणि गटाला झालेला कोर्टाचा खर्च कार्यालयानं द्यावा. पण तोवर शाळेचं वर्ष संपत आलेलं, वसतिगृहातली मुलं परीक्षेच्या तयारीला लागलेली. त्या वर्षाची भाजी व्यापारी पुरवून बसला होता. जिंकल्याची खूण म्हणून हातात उरला तो एवढा खर्चच.

तो काही येईना. रंभाबाई भाजी विकून झाली की वर्ध्याची बस धरायच्या. कार्यालयातल्या अनुप बाबूंना त्यांचा आवाज जिन्यावरूनच ओळखू यायचा आणि ते चहाला जायचे. शेवटी साहेबांनी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली, आणि म्हणाले की खर्चाचा आग्रह सोडा, पुढच्या टेंडरला तुमचा विचार करू. रंभाबाईंनी सांगितलं, की पुढचं टेंडर आम्ही भरू, तेव्हा दर पाहून द्या, विचार करून नको. हे त्यांनी मला दुकानात येऊन सांगितलं तेव्हा मी टाइप करायचा थांबलो होतो.

मार्च संपता संपता निरोप आला, पैसे मंजूर झाले, सही करून घेऊन जा. मी त्यांच्यासोबत गेलो. अनुप बाबूंनी पावती पुढे सरकवली. रंभाबाई अक्षर अक्षर लावून वाचतात, आणि वाचताना बोट कागदावर ठेवतात. एका जागी बोट थांबलं. तिथं लिहिलं होतं, 'सानुग्रह मदत म्हणून मिळाले'.

अनुप बाबू म्हणाले, कोर्टाच्या खर्चाला आमच्याकडे निराळी तरतूद नाही, म्हणून या नावाखाली काढले. नुसता शब्द आहे. आज सही झाली नाही तर मार्चअखेर पैसे परत जातील. मीही म्हणालो, वहिनी, करून टाका, पैशावर काही शब्द छापलेला नसतो.

रंभाबाईंनी पेन खाली ठेवलं.

"हा शब्द मी याच्या आधी एकदाच वाचला, भाऊ," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी त्यांचा आवाज मोठा नव्हता. "मंदाच्या नवऱ्यावर वावरात वीज पडली तवा. तहसीलमंदी मीच तिच्या संग गेलती. सानुग्रह कोणी मेल्यावर भेटते. आमच्या गटात कोणी मेलं नाई. आमी जिंकलो."

अनुप बाबूंनी पावती परत फाईलमध्ये ठेवली. साहेबांच्या खोलीतून कोणी आलं नाही. आम्ही रिकाम्या हातानं परत निघालो. बसमध्ये मला त्यांचा राग आला होता, हे कबूल करायला मला लाज नाही. हातातोंडाशी आलेला घास एका शब्दासाठी कोण सोडतं?

संध्याकाळी त्यांच्या अंगणात बाया जमल्या आणि बोल बोल बोलल्या. एकीनं विचारलं, शब्द खाता येते का? दुसरी म्हणाली, कोर्टाचं खूळ तुझं, पैसा आमचा. मी रंभाबाईंना पहिल्यांदा गप्प पाहिलं आणि मला ते बिलकूल आवडलं नाही. आनंदरावसुद्धा 'पाहा बापा' म्हणाले नाहीत. शेवटी मंदाबाई उठल्या. "बरं केलं तिनं," म्हणाल्या, "तसल्या कागदावर मी दुसऱ्यांदा सही करत नसतो." एवढं म्हणून त्या घरी गेल्या, आणि मग बाकीच्याही उठल्या.

समीक्षाताईंनी कोर्टाच्या अवमानाची नोटीस पाठवली. ती मीच टाइप केली असती तर बरं वाटलं असतं, पण ती नागपूरहून गेली. कार्यालयाला एकदम जाग आली. जी तरतूद नव्हती ती सापडली. पेरणीच्या आधी नवी पावती आली. 'उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार याचिकेचा खर्च' असं त्यावर स्वच्छ लिहिलं होतं. रंभाबाईंनी बोट ठेवून दोनदा वाचलं आणि सही केली. अनुप बाबूंनी स्वतःहून चहा मागवला, आणि चहा बरा होता.

पुन्हा त्याच अंगणात बाया जमल्या. रंभाबाई एकेकीचं नाव घेऊन जिचे तिचे पैसे देत होत्या, आणि पैसे मिळाल्याची सही घेण्यासाठी मी कागद धरून बसलो होतो. मार्चमध्ये तोंड सोडलेल्या बाया आता आपलंच कोर्ट असल्यासारख्या बोलत होत्या. मंदाबाईंची पाळी आली. त्यांनी पेन घेतलं, पण हात कागदावर टेकेना. सरकारच्या पैशासाठी त्यांनी आयुष्यात एकदाच सही केली होती.

"कायची सही होय ही?" त्यांनी हळूच विचारलं.

"जिंकल्याची होय, मंदा," रंभाबाई म्हणाल्या. "कर."