सोप्यातल्या रेल्वेचं उद्घाटन

कोल्हापुरात रेल्वेचं उद्घाटन दोनदा झालं. पहिलं संस्थानाच्या काळात, मोठ्या थाटात झालं असावं. तेव्हा मी नव्हतो. दुसरं संस्थान विलीन झाल्यानंतरच्या उन्हाळ्यात, आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात झालं.

ही रेल्वे लाकडी होती. इंजिन, तीन डबे, रूळ, सिग्नल, एक पूल आणि 'कोल्हापूर' अशी पाटी लावलेलं वीतभर स्टेशन. काकांनी ती माझ्या चार वर्षांच्या बहिणीसाठी गल्लीतल्या सुताराकडून करवून घेतली होती. सुताराचा जन्म बैलगाड्या करण्यात गेलेला. त्यानं इंजिनाच्या चाकांनाही बैलगाडीसारख्या लोखंडी पट्ट्यांच्या धावा बसवल्या आणि आसांना सढळ हातानं वंगण घातलं. इंजिन उचलायला बहिणीला दोन्ही हात लागले असते, पण उचलायची परवानगीच नव्हती. नवं वाहन पूजेशिवाय हलवायचं नाही, असं काकांचं म्हणणं.

बहिणीला एवढंच हवं होतं, की गाडी आपल्या हातानं ढकलायची.

"आता ढकलू?"

"उद्घाटन झाल्यावर."

"झालं?"

"अगं, पाहुणे तरी येऊ देत!"

पाहुणे म्हणजे पेठेतल्या तालमीचे वस्ताद. तेव्हा आमच्याकडे दुकान उघडायचं असो की पिठाची गिरणी, वस्तादांचा हात लागल्याशिवाय ते उघडलं असं कोणी मानत नसे. ते रेशमी फेटा बांधून आले आणि रुळांशेजारी मांडी घालून बसले, तेव्हा स्टेशन दिसेनासं झालं. काकांनी भाषण केलं. संस्थानच्या रेल्वेत ते कारकून होते, त्यामुळे भाषणात 'दळणवळण' हा शब्द फार वेळा आला. आईनं इंजिनाला हळदकुंकू लावून हार घातला. हारात इंजिन बुडालं. बहीण हाराखालून हात घालून चाक चाचपत होती आणि आई तो हात पुन्हा पुन्हा बाहेर काढत होती.

मग काकांनी, नव्या मोटारीच्या चाकाखाली ठेवतात तसं, इंजिनाच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. चाक लिंबापेक्षा लहान होतं. हे सगळ्यांना दिसत होतं. पण पूजा चालू असल्यामुळे कोणी बोललं नाही.

"हं, ढकला वस्ताद."

वस्तादांनी एका बोटानं ढकललं.

"चढत न्हाय की ओ."

"लिंबू चिरडायलाच हवं. जरा जोर लावा."

"मी लावते जोर," बहीण म्हणाली.

"तू थांब गं पोरी. नाजूक काम हाय," असं म्हणून वस्तादांनी तळवा टेकला आणि श्वास रोखला.

लिंबाला काही झालं नाही. इंजिन त्याच्यावरून उडालं, डब्यांशी काडीमोड घेऊन सोप्यावरून पायरीवर, पायरीवरून खडखडत रस्त्यावर गेलं. रस्त्यात, दारासमोर, गवळी धार काढत होता. म्हशी तेव्हा गिऱ्हाइकाच्या दारातच पिळल्या जात. हार घातलेलं इंजिन पायांत शिरताच म्हैस अशी रेकली, की शेजारची गल्ली गोळा झाली. दुधाची चरवी लवंडली.

"ओ काका, काय सोडलासा हे?" गवळी ओरडला. "म्हस आटली तर उद्या इंजिनाची धार काढू व्हय?"

काकांनी मार्ग दुरुस्तीसाठी बंद असल्याचं जाहीर केलं. वस्ताद म्हणाले, "इंजिनात दम हाय," आणि चहाला बसले. म्हशीनं हार खाऊन टाकला. मोठी माणसं दुधाच्या हिशेबावरून भांडत असताना बहीण पायरी उतरली, इंजिन पोटाशी धरून आत आणलं, रुळावर ठेवलं आणि ढकललं. लिंबू नसल्यामुळे ते चाललं.

पुढे काकांनी तिला झुकझुक आणि शिट्टी शिकवायचा फार प्रयत्न केला. आमची गाडी मात्र मोडेपर्यंत कोल्हापूर स्टेशनातून रेकतच सुटत असे.