मालनताईंची किळस

मालनताईंचा माझ्या कानावर पडलेला पहिला शब्द म्हणजे "शी!" तोही भर कवितेच्या बैठकीत, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा.

दोन हजार सालानंतरची काही वर्षं आम्ही दहाबारा मंडळी कोल्हापुरात रविवारी सकाळी एका वाचनालयाच्या हॉलमध्ये जमायचो. हातात कागद घ्यायचा नाही, चाल लावायची नाही, उभं राहून मनातलं थेट बोलायचं, असा प्रयोग होता. 'बोलती कविता' असं नावही आम्ही दिलं होतं. कल्पना माझी. मी कॉलेजात मराठी शिकवत होते. प्रत्यक्षात मात्र लोक घरून पाठ करून येत, एकमेकांना 'वा वा' म्हणत, आणि तेलकट वडे खाऊन त्याच हातांनी पाठी थोपटत घरी जात. मला वीट यायला लागला होता, पण बंद करायचा धीर होत नव्हता.

त्या रविवारी निवृत्त मुख्याध्यापक इंगवले सर डोळे मिटून चंद्रावर बोलत होते. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून "शी!" आलं. माना वळल्या. पांढऱ्या साडीतल्या एक चाळिशीच्या बाई मांडीवरची पर्स घट्ट धरून, घाण वास आल्यासारखं नाक आक्रसून बसल्या होत्या.

"काय झालं, ताई?" मी विचारलं.

"काय न्हाय. त्या चंद्राला किती चाटायचं म्हंतो मी. चिकट झाला असंल की त्यो."

अस्सल कोल्हापुरी बायकांसारख्या त्या स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असंच बोलायच्या. राहायला उचगावला. वाचनालयाच्या मागच्या गल्लीत एक खासगी प्रसूतिगृह होतं, तिथं सिस्टर होत्या. रात्रपाळी संपली की बस येईपर्यंत कुठंतरी टेकायचं, म्हणून हॉलमध्ये शिरल्या होत्या. पण मग दर रविवारी यायला लागल्या, आणि दर रविवारी कुणाच्या ना कुणाच्या ओळीवर नाक मुरडायला लागल्या. एकदा इंगवले सर चिडून म्हणाले, "इतकी किळस येते तर येता कशाला?"

"तिकडं ह्याहून जास्त येती, म्हणून," मालनताई म्हणाल्या.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "पोटातलं तोंडापातूर आलं की थुकावं. गिळलं की सडतंय." मी म्हटलं, मग एकदा उभ्या राहा की. त्या उभ्या राहिल्या. आमच्यासारखंच बोलायला गेल्या, 'हे सखी' म्हणाल्या, आणि मध्येच थांबून तोंड वाकडं केलं. "ह्ये माझं न्हाय. उसनं लुगडं नेसल्यागत वाटाय लागलंय." बसल्या.

पुढच्या रविवारी पुन्हा उठल्या. या वेळी बसच्या रांगेत बोलावं तशा बोलल्या.

"पाय वर घे, बाई. डोळं मिट.
काय न्हाय त्यात, गोळा हाय नुसता.
गोळ्याला नाक हुतं, बाई.
मी बघितलो.
गोळ्याला बोटं हुती.
मी मोजलो न्हाय.
मोजलो असतो तर
हात धुऊन भाकरी खाल्लो नसतो.
खाल्लो.
त्या दिवशीबी खाल्लो."

वड्यांच्या ताटलीकडं त्या दिवशी कुणी फिरकलं नाही.

मी त्यांना सोडायला स्टॉपपर्यंत गेले. तिथं त्यांनी सगळं सांगितलं. कायद्यानं बंदी असताना डॉक्टर सोनोग्राफीच्या मशीनवर पोटातलं मूल मुलगा की मुलगी ते बघायचे. मुलगा असला की हसून म्हणायचे, "पेढ्याची तयारी करा." मुलगी असली की काहीच बोलायचे नाहीत, नुसतं मशीन बंद करायचे. मग सासू बाहेर येऊन विचारायची, "मोकळं कधी करायचं?" मालनताईंचं काम झाकलेला ट्रे उचलून न्यायचं.

"नोकरी सोडा ना मग," मी म्हटलं.

"सोडून कुठं जाऊ? दुसरीकडचं मशीनबी त्येच बोलतंय. फिनेल लावून हात घासतो मी, मॅडम. वास जात न्हाय. घरातली म्हंत्यात, वास न्हायच. मला येतोय की!"

त्या वर्षीच्या वर्धापनदिनाला इंगवले सरांनी प्रमुख पाहुणे परस्पर ठरवले. शहरातले रसिक डॉक्टर, हॉलला माइक त्यांनीच दिलेला. ते आत आले आणि मालनताईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांचेच डॉक्टर होते. मला वाटलं, त्या निघून जातील. त्या सरळ माइकपाशी गेल्या, डॉक्टरांकडं तोंड केलं आणि तीच कविता बोलल्या. शेवटी एक ओळ वाढवली होती, "मशीन कुणाचं, त्ये तुमी वळखा."

डॉक्टर उठले. आणि टाळ्या वाजवायला लागले! "वा! काय ताकद आहे! आमच्याकडंच असतात बरं का या." सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. डॉक्टरांनी स्वतः मालनताईंच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, फोटो काढून घेतला. हारातल्या शेवंतीचा कुबट वास सुटला होता.

बाहेर येऊन मालनताई गटारीवर वाकून ओकल्या. तोंड पुसत म्हणाल्या, "टाळ्या वाजवल्या गं त्यानं. त्याच हातानं."

दुसऱ्या दिवशी त्या कामाला गेल्या नाहीत. सरकारी आरोग्य कचेरीत गेल्या आणि लेखी तक्रार दिली. मशीनला सील लागलं, खटला उभा राहिला. कोल्हापुरातल्या एकाही दवाखान्यानं त्यांना पुन्हा दारात उभं केलं नाही.

साक्षीच्या दिवशी मी कोर्टात होते. डॉक्टरांच्या वकिलानं आमच्या वर्धापनदिनाचा फोटो पुढं केला. "तुम्ही कविता करता ना? कवितेत कल्पना असते ना?"

"माझ्यात न्हाय."

"नाक होतं, बोटं होती, ही कल्पनाच ना? याच कवितेसाठी माझ्या अशिलांनी तुमचा सत्कार केला. अपराधी माणूस असा सत्कार करील?"

कोर्टात हसू पसरलं. मालनताई म्हणाल्या, "सायेब, त्यो ट्रे तुमी उचलला असतासा, तर तुमाला कविता सुचली नसती. मलाबी सुचली न्हाय. वकारी आली ती." न्यायाधीशांनी विचारलं तेवढंच बोला म्हणून समज दिली. पुराव्याअभावी डॉक्टर सुटले. सील निघालं. इंगवले सर त्यांना पेढे घेऊन भेटायला गेले, असं कळलं. मी त्या आठवड्यात बोलती कविता बंद केली.

मालनताई बहिणीकडं कोडोलीला गेल्या. आसपासच्या गावांत बचत गटाची बैठक असली की न बोलावता जायच्या, उभ्या राहायच्या आणि बोलायच्या. मी एकदा सोबत होते. त्यांचं संपल्यावर टाळी एकही पडली नाही. एक म्हातारी "अभद्र तोंडाची" म्हणत उठून गेली. आम्ही स्टॉपवर आलो, तर मागून एक पोटुशी पोर धापा टाकत आली. "मावशी, आमची सासू उद्या मला शहरात नेणार हाय. पहिली पोरगीच हाय मला."

बस समोर उभी होती. मालनताई त्या पोरीचा हात धरून उलट्या फिरल्या. तिच्या घराच्या दारात जाऊन बसल्या. सासूनं शिव्या घातल्या, मग खरकट्या पाण्याची बादली अंगावर ओतली. पदराला भाताची शितं चिकटलेली, केसांतून आमटी ओघळतेय, गल्ली जमलेली. "घाला आणखी," मालनताई म्हणाल्या, "पर हिला नेलासा तर कचेरीत मीच जाणार. मला वाट ठाऊक हाय." त्या दुसऱ्या दिवशीही तिथंच बसल्या, तिसऱ्याही. सासूनं शहराचं नाव सोडलं.

पुढच्याच वर्षी मालनताई काविळीनं गेल्या. त्याआधी मी भेटले तेव्हा अंथरुणावर होत्या, पिवळ्या पडलेल्या. त्या घरी मुलगी झाल्याचं मला कळलं होतं. बारशाला बोलावलं का, मी विचारलं.

"मला कोण बोलवतंय? मीच गेलो. कुंपणावरनं बघितलो." त्यांनी सवयीनं नाक आक्रसलं. "काळी हाय. शेंबडी हाय. केकाटती तर अशी, आख्खी गल्ली उठती."

जरा दम घेतला.

"ब्येस हाय."