फाटलेल्या पिशव्यांचा अहवाल

माशांचे रोग तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ताई एकवीस वर्षं मासे चिरत होत्या. घरी मात्र त्या माशाला हात लावत नसत. नवरा म्हणायचा, तुझा कोटा ऑफिसातच संपतो. चाकू किती खोल घालायचा इथपासून सगळं त्यांना सरांनी शिकवलं होतं. सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. ताईंसाठी सर म्हणतील ती पूर्व दिशा.

खाडीत नव्या पुलाचे लोखंडी खांब ठोकायला सुरुवात झाली आणि महिन्याभरात जवळच्या जाळीच्या पिंजऱ्यांत पाळलेले मासे मरू लागले. पिंजरे ताईंच्या जुन्या ओळखीतल्या काकूंचे. बर्फात घातलेले मासे घेऊन त्या स्वतःच आल्या. यंत्राचा घणाघात सुरू झाला की मासे कोपऱ्यात गोळा होतात, खाणं टाकलं तरी वर येत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. जगले त्यांच्या अंगावर जखमा चिघळत होत्या.

ताईंनी चाळीस मासे उघडले. मासा ज्या हवेच्या पिशवीमुळे पाण्यात तोल सांभाळतो, ती एकतीस माशांमध्ये फाटलेली होती, भोवती रक्त साकळलेलं. कानाच्या आतले बारीक केस जागोजागी झडलेले. जंतू होते, पण फक्त उशिरा मेलेल्या माशांत. आधी आवाजानं खंगले, मग आजारानं गाठलं.

"रोगराई नाही ही काकू, आवाजाचा मार आहे," ताई म्हणाल्या. "अहवालात तसंच येईल."

सरांनी अहवालाची चारही पानं वाचली, काम चोख झालंय म्हणाले आणि शेवटच्या पानावर ताईंची सही घेतली.

तीन आठवड्यांनी काकू पुन्हा आल्या, त्या बसल्याच नाहीत. अहवाल टेबलावर ठेवला. पिंजऱ्यांत गर्दी आणि अस्वच्छता, त्यातून जंतुसंसर्ग, असं त्यात लिहिलं होतं. शेवटचं पान मात्र तेच, खाली ताईंची सही.

"तुमच्या शब्दावर मी निर्धास्त होते," काकू म्हणाल्या आणि निघून गेल्या.

ताई तशाच सरांच्या खोलीत गेल्या. सर चष्मा पुसत होते. पूल अडून राहणं कुणालाच परवडणारं नाही, निष्कर्ष काढणं हे प्रमुखाचं काम, असं ते समजुतीच्या सुरात सांगत राहिले.

"पिशव्यांचं पान कुठंय सर?"

"जोडलं नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस."

ताईंना रडू आलं नाही. आपल्या एकवीस वर्षांच्या विश्वासावर विसंबून या माणसानं आपली सही वापरली, एवढंच डोक्यात घुमत राहिलं.

त्यांनी आपल्या वहीतून सगळी निरीक्षणं उतरवली, खाली नाव लिहिलं आणि काकूंसोबत त्यांच्या नुकसानभरपाईच्या सुनावणीला गेल्या. फेरतपासणीचा आदेश निघाला, पण तोवर शेवटचा खांबही ठोकून झाला होता. पिंजरे रिकामे होते. तपासायला मासाच उरला नव्हता. ताईंची बदली बाटल्यांच्या कोठारात झाली.

काकूंनी पिंजरे मोडीत काढले. बाजारात भेटल्या की त्या ताईंची विचारपूस करतात, पण पूर्वीसारखं घरी या असं आता म्हणत नाहीत.