दसऱ्याला घड्याळाची आंघोळ

माझ्याकडे साठ वर्षांपूर्वीचं एक दुर्मीळ मनगटी घड्याळ आहे आणि ते मी सणासुदीच्या दिवशी, आंघोळ करून, सोवळ्याने बुडवलं.

घड्याळ साधं नव्हे, क्रोनोग्राफ! म्हणजे ज्याच्या पोटातच स्टॉपवॉच असतं ते. बटण दाबा, काटा पळतो. पुन्हा दाबा, थांबतो. मोजण्यासारखं माझ्या आयुष्यात काही घडत नव्हतं, ही गोष्ट वेगळी. बायको आणि लेक पुण्यात, मी जर्मनीत, वोल्फ्सबुर्गमध्ये. (गाड्यांच्या कारखान्याच्या गावात बिनगाडीचा मी एकटाच असेन.) चार वर्षांत शेजाऱ्यांशी एकूण संभाषण काय, तर लिफ्टमधलं ‘हालो’. ते सुद्धा मी आधी म्हटलं तर!

आणि अशा माणसाला, मनगटावरचं घड्याळ बघून, हेर (म्हणजे श्रीयुत) क्राउझंनी आमंत्रण दिलं. हे गावातल्या जुनी घड्याळं जमवणाऱ्यांचे म्होरके. महिन्यातून एका शनिवारी सात म्हातारे कॅफेत जमतात, त्याला श्टामटिश म्हणायचं. “तीन वाजता या. घड्याळ घेऊन या,” एवढंच म्हणाले. आनंदाने मी आदल्या दिवशीच शर्टाला इस्त्री केली.

नेमका तोच शनिवार दसऱ्याचा. सकाळी साडेआठला आईचा व्हिडिओ कॉल.

“मिल्या, यंत्राची पूजा केलीस?”

“यंत्र कुठलं, आई? लॅपटॉप कंपनीचा आहे.”

“ते घड्याळ आहे ना? ते मांड. ताम्हन घे.”

“ताम्हन विमानतळावर काढून ठेवलं. वजन जास्त झालं होतं.”

“तरी मी म्हटलंच होतं, लोणच्याची बरणी काढ म्हणून! बरं, बशी घे.”

बशीत घड्याळ ठेवलं. हळद वाहिली, कुंकू वाहिलं. आईने कॅमेऱ्यात डोकावून पाहिलं. “शी! किती काळवंडलंय! घासत नाहीस का कधी?”

आता हिला कसं सांगू, की ते काळवंडलेलंच हवं असतं म्हणून! लोक त्याच्यासाठीच जीव टाकतात.

“बरं, पळीभर पाणी सोड त्याच्यावर.”

“आई, याला पाणी चालत नाही.”

“घड्याळ आहे का मांजर? पळीभर पाण्याने काय होतंय!”

“अगं, काचेला बारीकशी चीर आहे...”

“बरं बाबा, तुझंच खरं. ठेवते मी फोन.”

इथे मी फसलो. गेल्या शनिवारपासून मी कोणाशी धड मराठीत बोललो नव्हतो. बायकोचं रोजचं बोलणं म्हणजे ‘जेवलास ना? झोप’, आणि लेकीला परीक्षा. आई एकटीच काय ती निवांत बोलायची. तिने फोन ठेवला असता, तर पुढचा अख्खा दिवस तीन वाजायची वाट बघत बसायचं! तेव्हा मी पाणी सोडलं. पळी नव्हती, म्हणून कपाने सोडलं.

पाच मिनिटांत काचेच्या आत गुलाबी धुकं. कुंकू थेट डायलवर!

“आई! आत गेलं!”

“मग बघत काय बसलास? तांदळात पुर!”

तीन वाजता मी श्टामटिशला हजर. सात म्हातारे, पांढरे हातमोजे, मखमली ट्रे. आणि माझ्या हातात स्टीलचा डबा. क्राउझंनी झाकण उघडलं. “तांदूळ?”

घडलं ते सगळं सांगितलं.

“आई घड्याळजी आहेत का?” त्यांनी गंभीरपणे विचारलं. “मला बोलायचंय त्यांच्याशी.”

झालं! मेलो! फोन लावला. आईने सातही ट्रे पाहिले आणि म्हणाली, “साठ-साठ वर्षं धूळ पुसत नाहीत मेले! ह्यांना घरी कोणी बोलणारं नाही का?”

मी जर्मनमध्ये म्हणालो, “आई म्हणते, संग्रह छान आहे.”

“असा चेहरा करून?” क्राउझं म्हणाले.

मग खरं सांगितलं. माझं आमंत्रण गेलं, हे मला स्पष्ट दिसलं. आणि क्राउझं एकदम हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “गेनाऊ! बरोब्बर! माझी बायको मार्टा अगदी हेच म्हणायची. आता म्हणणारं कोणी नाही.”

त्यांनीच घड्याळ उघडून वाळवलं. डायलला गुलाबी कड राहिली आणि स्टॉपवॉचचा काटा कायमचा बसला. “पुढच्या महिन्यात नक्की या,” ते म्हणाले. मला भरून आलं. “आणि आईंचा नंबर द्या.”

दिला. आता आई मला विचारते, “क्राउझंभावजींचा खोकला कसा आहे?”

परवा शनिवारी सकाळी फोन लावला, तर आईची लाइन व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त. क्राउझंभावजी टॅबलेटवरून तिला घड्याळं दाखवत होते! तिला जर्मन येत नाही, त्यांना मराठी येत नाही, तरी गप्पा संपेनात. मी हातात फोन धरून बसलो. म्हटलं, निदान किती वेळ वाट पाहिली ते तरी मोजावं. चार वर्षांत पहिल्यांदाच मोजण्यासारखं काही घडत होतं. क्रोनोग्राफचं बटण दाबलं.

काटा हलला नाही. पाणी मीच ओतलं होतं ना!