पांढुर्ण्याची चुन्याची भिंत आणि घडी केलेली पोती

पांढुर्ण्याला जायचं ठरलं ते रेखावहिनीच्या फोनमुळे. रेखावहिनी म्हणजे माझ्या मावसभावाची बायको. "भाऊजी, आमच्या धर्मशाळेले आतून चुन्याचा गिलावा करून राहिलो. या न पाह्याले!" जुन्या इमारतींचे फोटो काढायचं खूळ मला आहेच. नागपूरहून सकाळची गाडी पकडली, उतरल्यावर स्टेशनाबाहेर तर्री-पोहे हाणले आणि पायीच निघालो.

धर्मशाळा जुनी, दगड-विटांची. मागे कोणीतरी आतून सिमेंट फासलं होतं. भिंतीतली ओल कोंडली आणि पोपडे निघाले. म्हणून धर्मशाळेची देखभाल बघणाऱ्या वहिनीने हट्टाने नैसर्गिक हायड्रॉलिक चुना आणवला. तो पिशवीतून भुकटीसारखा येतो, पाण्याने घट्ट होतो आणि भिंतीतली ओल बाहेर सोडतो. तुमची इमारत जुनी असेल तर जरूर विचार करा. पथ्य एकच, पण कडक: सुरुवातीचे काही दिवस गिलावा उघड्यावर सुकू द्यायचा नाही, झटकन सुकला की भेगा पडतात. वहिनी भिंतीपुढे दोरीवर ओली पोती टांगायची, खिडक्या लावून घ्यायची आणि येता-जाता पाणी मारायची.

धर्मशाळा समितीचे अध्यक्ष देवरावजी मात्र सिमेंटवाले. "एक भिंत करून पाह्य, बाई. फाटली, त बाकी खोल्यांले सिमेंटच." वहिनीने ती अट कबूल केली होती, आणि ती भिंत मी येण्याच्या आदल्याच दिवशी झाली होती.

दुपारी ती माझ्यासाठी पुरण घालायला घरी गेली आणि मी तिथे एकटा उरलो. पोत्यांआड भिंतीचा फोटो कसा येणार? पोती उतरवली, छान घडी करून कोपऱ्यात ठेवली. उजेड कमी वाटला म्हणून खिडकी सताड उघडली. बाहेर फाल्गुनातला कोरडा वारा. आणि काय फोटो आले म्हणून सांगू! दुधावरच्या सायीसारखी भिंत. तेवढ्यात भावाने जेवायला हाक मारली. गेलो, चार पोळ्या चेपल्या आणि घोरत पडलो. पोती गेली डोक्यातून. कसला आगाऊपणा हा!

दुसऱ्या दिवशी सकाळी पोती जागेवर टांगलेली होती, खिडकीही बंद. वहिनीने संध्याकाळीच ते केलं असणार. पण पोतं बाजूला केलं तर भिंतभर केसाएवढ्या भेगांचं जाळं. भिंत बघायला आलेले देवरावजी म्हणाले, "पाह्यलं? काय म्हटलं होतं म्या?"

वहिनी खाली बघत म्हणाली, "माह्याच हातून पाणी कमी पडलं असन जी."

आणि मी? मूग गिळून उभा. निघताना तिने दिलेली संत्र्यांची पिशवीसुद्धा हसत घेतली. थू माझ्या जिंदगानीवर.

पांढुर्णा-सौंसर बस घ्या, दोन्हीकडे संत्र्याच्या बागा आहेत. मला त्या दिसल्या, पण एकही आठवत नाही. सौंसरच्या स्टँडवर चहा-आलूबोंडा घेतला आणि मोबाइलवर फोटो पाहायला लागलो. फोटोच्या कोपऱ्यात पोत्यांची घडी, बाजूला उघडी खिडकी. आलूबोंडा तसाच बशीत ठेवला. नागपूरची बस समोर लागली होती, कंडक्टर ओरडत होता. मी उलटी पांढुर्ण्याची बस धरली.

पोचलो तर धर्मशाळेसमोर टेम्पोतून सिमेंट उतरत होतं. चारचौघांत सगळं सांगितलं. देवरावजींनी टेम्पोकडे बोट दाखवलं. "आता सांगून राहिले का, बाप्पा? माल उतरला न."

वहिनी आत त्याच भिंतीवर पाणी मारत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मले कालच समजलं, भाऊजी. पोत्यांची घडी होती. इथं कोण करते पोत्यांची घडी?"

"मग बोलल्या का नाही, वहिनी?"

"पाहुण्याले कसं म्हणाव? अन् मले वाटलं, तुम्हीच बोलान."

तर मंडळी, धर्मशाळा पाहायला जाल तेव्हा चुन्याची ती एकच भिंत दिसेल, भेगाळलेली. बाकी सगळं सिमेंट. माझे फोटो इथे टाकलेले नाहीत, मागूही नका.

घरी बायकोने संत्रं सोललं. "अगं बाई, काय गोड आहेत! कोणी दिली?"

वहिनीने दिली होती. त्याच सकाळी, एकेक निवडून. भिंत कोणी घालवली ते आदल्या दिवशीच कळलेलं असताना.