अक्षरं दोन-दोन दिसत होती

"एक्लॅम्पसिया है," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. म्हणजे गरोदरपणात रक्तदाब फार वाढून येणारे झटके. "सिरदर्द कब से था?"

"आज ही हुआ," मी म्हणालो.

"तीन हफ्ते से, मॅडम," बायकोनं माझ्याकडे न पाहता सांगितलं.

आमची मुलगी सतरा वर्षांची, बारावीत. तिला दिवस गेल्याचं आम्हाला पाचव्या महिन्यात कळलं. मी सिलतऱ्याला एका कारखान्यात हजेरीबाबू आहे. तिथून रजा काढून दुसऱ्याच दिवशी शाळेत गेलो, कावीळ झाल्याचं सांगितलं आणि तिचा टी.सी. घेऊन आलो. तिला विचारलंही नाही. आमच्या वस्तीत, बूढापाऱ्यात, घराला घर लागून आहे, म्हणून तिला मागच्या खोलीत ठेवलं.

ती तिथंही वाचत बसायची. शाळेत न जाता प्रायव्हेट परीक्षा देईन म्हणायची.

बायको म्हणाली, "अहो, पोरीचे पाय सुजून राहिले. दवाखान्यात नेऊ."

"अन् तिथं काय सांगू?" मी म्हणालो.

मग मुलीचं डोकं दुखू लागलं. दोन आठवड्यांनी ती म्हणाली, "बाबा, अक्षर दो-दो दिख रहे हैं." मला वाटलं, वाचून वाचून होतंय. मी पुस्तकं उचलून कपाटात कुलूप लावून ठेवली. "आता कोणती परीक्षा द्यायची आहे तुले?" असंही बोललो.

त्यानंतर आठव्या दिवशी सकाळी चहा घेताना तिला झटका आला, तेव्हा कुठं दवाखान्यात नेलं.

झटके थांबवायला मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन दिलं आणि लगेच ऑपरेशन केलं. मुलगा झाला, सातव्या महिन्याचा. चौथ्या दिवशी गेला. मुलीचं वय अठराच्या आत, म्हणून दवाखान्यानं पोलिसांना कळवलं होतं. ते प्रकरण वेगळं, इथं लिहीत नाही.

आयसीयूत शुद्धीवर आल्यावर तिनं विचारलं, "पेपर शुरू हो गए?"

सुटी देताना मॅडम म्हणाल्या, "बीपी हर हफ्ते चेक करवाइए। आँखें ठीक हो जाएँगी, पढ़ने दीजिए।"

मी शाळेत जाऊन खरं ते सांगितलं, तिला परत घ्या म्हणालो. प्राचार्य म्हणाले, "बाकी पालक क्या कहेंगे, भैया? ओपन स्कूल से करवा लीजिए।" त्यांच्यावर मी कोणत्या तोंडानं चिडणार?

ज्यांच्या घरी असं घडेल त्यांना सांगतो. पाय किंवा तोंड सुजलं, डोकं दुखलं, धूसर दिसलं, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. पोरीचं नाव शाळेतून काढू नका. माझी मुलगी जिवंत आहे, हे त्या मॅडमचे आणि तिच्या आईचे उपकार.

काल ओपन स्कूलचा फॉर्म तिच्यासमोर ठेवला. भरायचा का, विचारलं.

"अब पूछ रहे हो, बाबा?"

सही तिनं केली नाही. फॉर्म मात्र परतही दिला नाही.